शेवंताची नजर

दुकान नसलेला फोटोवाला म्हणून सोनबाजीला कळंबपासून ढाणकीपर्यंत लोक ओळखत. बोलावणं आलं की कॅमेरा खांद्यावर टाकून तो मोटार धरी. मेलेल्या माणसाचाही फोटो तो काढी आणि मग बारीक कुंचल्याने त्यावर उघडे डोळे रंगवी. घरच्यांना तेवढाच दिलासा. कीर्तनात बुवा सांगतात ना, डोळे उघडले की मूर्तीचा देव होतो, तसंच ते.

त्या वैशाखात तो ढाणकीच्या लग्नांत अडकला आणि इकडे त्याची पाच वर्षांची शेवंता तापाने गेली. निरोप मिळताच तो धावत आला. त्याची बायको कोकिळा एवढंच म्हणाली, "माह्या लेकीचा एकबी फोटो नाही. आता तरी काढा."

त्याने काढला. काही दिवसांनी डोळे रंगवायला बसला, आणि हात थांबला. परक्यांचे डोळे त्याने अंदाजाने रंगवले होते. लेकीचे आठवेनात. तो घरी येई तेव्हा ती झोपलेली असे, निघे तेव्हाही झोपलेलीच.

"अवं," त्याने भीतभीत विचारलं, "शेवी कशी पाहे वं?"

"बाप तुमी, अन् मले कायले पुसता!" कोकिळा तडकली. मग त्याचा चेहरा पाहून रडतच जवळ बसली. "दारात उभी राहून सडकेकडे पाहे. मोटार वाजली का डोळे अशे मोठ्ठे करे. मंग तुमी उतरले नाही का..."

सोनबाजीने कुंचला धुऊन ठेवून दिला. ती नजर रंगवायची त्याची हिंमत झाली नाही. भिंतीवरच्या फोटोत शेवंता अजून झोपलेलीच आहे.