तिसऱ्या ओळीतली चूक

बाथरूमची कडी मी स्वतः उखडली, माझ्या लेकीच्या, टिल्लीच्या देखत. ती म्हणाली, "तुरुंगात तरी बरं असेल गं, आई." म्हटलं, "तुरुंगात असतीस तर मी जरा झोपले असते."

बावीस वर्षांची घोडी, पण नशेच्या सुईच्या नादी लागल्यापासून तान्ह्या पोरासारखी राखत होते तिला. बाथरूममध्ये दोनदा बेशुद्ध सापडली होती. मग आमचं ठरलं. आत असेपर्यंत तिनं गुणगुणत राहायचं. थांबली की मी दार ढकलणार. गाणं तिनंच निवडलं, मी तिला झोपवताना म्हणायचे ते. तिसऱ्या ओळीत सूर खाली येतो, तिथे ही हटकून वर चढायची, अगदी लहानपणापासून. "गाढवाचे कान घेऊन आलीस मेले," मी म्हणायचे. मग मुद्दाम आणखी वर.

मी घरीच शिवणकाम करते. मशीनच्या खडखडाटात काही ऐकू येत नाही, म्हणून थोडं शिवलं की पाय थांबवायचा, कानोसा घ्यायचा, पुन्हा शिवायचं. शिवण वाकडी यायची, गिऱ्हाइकं तोंड वाकडं करायची. करोत.

त्या दुपारी एका बाईचा कोट घाईचा होता. टिल्ली आत गेली. "हं, सुरू कर," मी ओरडले. तिनं सुरू केलं. पहिली बाही जोडून पाय थांबवला, गुणगुण होती. दुसरी जोडली, गुणगुण होतीच. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. कोटाच्या नादात पोरीचा विसरच पडला.

मग तिसरी ओळ आली आणि सूर अलगद खाली उतरला. चुकला नाही.

मी ओठांना बोट लावलं. ओठ थरथरत होते. गुणगुणत मी होते.

तोंड मिटलं, तसं घर चिडीचूप झालं.

किती वेळ मी एकटीच गुणगुणत होते? एक बाही? दोन? आजही सांगता येत नाही. दार ढकललं तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. थोडं! चार पावलांवर बसले होते मी, मेली कोट शिवत.

आता घरात मी एकटीच, तरी शिवताना ओठांत टाचण्या धरते. गुणगुणले तर त्या थरथरतात, लगेच कळतं. गिऱ्हाइकं विचारतात, "हल्ली बोलत नाही हो तुम्ही?" मी नुसती मान हलवते.

काल दुपारी सवयीनं पाय थांबवला. टाचण्या ओठांत होत्या, एकही हलत नव्हती. आणि बाथरूमच्या दाराआडून गुणगुण येत होती. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. मी श्वास रोखून बसले. तिसऱ्या ओळीत सूर वर चढला.

दाराला कडी नाही, नुसतं ढकलायचं. मी ढकललं नाही. ढकललं तर थांबेल ती. मशीनवरचा पाय तेवढा काढून घेतला. गिऱ्हाइकं खोळंबली तर खोळंबोत.