दांड्यावरचा भार

दुकानात शिरल्या शिरल्या माझा नवरा व्हर्लिन म्हणाला, "सगळ्यात महागडा स्वे बार दे. ट्रेलर डुलतो."

डुलतो म्हणे. रविवारी रॉलिन्सच्या अलीकडे शेजारून एक ट्रक गेला आणि आमचा सोळा फुटी कॅम्पिंगचा ट्रेलर अख्ख्या रस्त्यावर शेपूट झोडपत सुटला. मागच्या सीटवर नात किंचाळत होती. घरी आल्यावर स्वारी म्हणते, वाऱ्यानं झालं. नाचता येईना अंगण वाकडं. वायोमिंगमध्ये वारा काय काल सुटला? आणि परवा हाच ट्रेलर घेऊन आमची लेक टॅमरा त्या चार वर्षांच्या पोरीसकट नेब्रास्काला निघणार होती.

दुकानदार डेलबर्टनं भिंतीवरच्या, ट्रेलरचं डुलणं आवरणाऱ्या त्या लोखंडी बारांना हातही लावला नाही. "ट्रेलर गाडीला जोडता त्या पुढच्या दांड्यावर भार किती येतो?"

"साडेतीनशे पौंड. कंपनीच्या पुस्तकात छापलंय."

"ते रिकाम्या ट्रेलरचं. भरल्यावर किती?"

व्हर्लिनला ठाऊक नव्हतं. डेलबर्टनं बाहेर येऊन ट्रेलर सोडवला आणि माणसं उभी राहून वजन करतात तसल्या काट्यावर दांडा टेकवला. एकशे चाळीस.

"सगळं ओझं मागं आहे. गाडी उलार झालीय," तो म्हणाला. "असल्या गाडीला कुठलाच बार आवरायचा नाही. मी विकणार नाही."

"गिऱ्हाईक कोण, मी की तू?"

"तुम्हीच. पण गाडीत माणसं तुमचीच असणार ना?"

मी पलंगाखालचा मागचा कप्पा उघडला. जनरेटर, हत्यारांची पेटी, पाण्याचे कॅन, सगळं तिथं कोंबलेलं. एप्रिलमध्ये टॅमरानं आणि मी हेच सामान पुढच्या पेटीत लावलं होतं.

"हे मागं कुणी आणलं?"

तो टायर बघायला वाकला.

"व्हर्लिन, मी विचारतेय."

"सामान पुढं असलं की दांडा जड व्हायचा," तो बुटांकडे बघत म्हणाला. "हर्नियाच्या ऑपरेशननंतर हातानं उचलून गाडीमागच्या हिचच्या गोळ्यावर बसवता येईना. कॅम्पवर सगळे बघत असतात."

"दांड्याला जॅक कशाला दिलाय मग? हँडल फिरवायचं."

"जॅक म्हातारे फिरवतात."

तळपायाची आग मस्तकात गेली. एकोणसत्तरचा बाप्या. पडलो तरी नाक वर. कॅम्पवरच्या चार अनोळखी माणसांनी वाहवा म्हणावं, म्हणून ह्यानं पोरीचा जीव धोक्यात घातला होता. खोटं कशाला बोलू, त्या घटकेला तो माणूस मला डोळ्यांसमोर नको होता.

"सामान पुढं घेतो, झालं," तो पुटपुटला.

"ते घेशीलच. आधी टॅमराला फोन लाव. रविवारी काय झालं आणि कशानं झालं, ते तुझ्या तोंडानं सांग."

"तिला कशाला?"

"लाव."

त्यानं लावला. उचलला नातीनं. आवाज मलाही ऐकू आला, "आजोबा, वारा गेला का?"

व्हर्लिननं माझ्याकडे फोन पुढं केला. मी हात खिशात घातले.