वस्तऱ्याला गप्पा लागतात

"बोला हेडमास्तर, काय म्हणतंय जग?" गालावर फेसाचा दुसरा थर चढवत कारागिराने विचारलं.

"काय म्हणणार? एकीकडे लढाई, दुसरीकडे लढाई थांबवायची परिषद. आणि परिषदेत पुढच्या रांगेत कोणी बसायचं, यावरून तिसरी लढाई."

"म्हणजे घरोघरी मातीच्या चुली!"

वस्तरा कानशिलापासून हनुवटीपर्यंत एका दमात खाली आला. बाहेर सकाळ गारठली होती. काचेवर वाफ धरली होती आणि रस्ता पुसून टाकल्यासारखा दिसत होता. शेजारच्या रिकाम्या खुर्चीमागे कारागिराची मुलगी कैच्या पुसत होती. पुसून झालेली कैचीच ती पुन्हा पुसत होती, कारण तिचा डोळा आरशातून बापाच्या उजव्या हातावर होता.

त्या हाताला सहा महिन्यांपासून कंप सुटला होता. मागच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाच्या कानाखाली रक्त आलं, तेव्हा ती म्हणाली होती, "बाबा, आता आणखी एकदा रक्त दिसलं ना, की वस्तरा माझ्याकडे."

कारागिराला मात्र एक युक्ती सापडली होती. हाताकडे लक्ष गेलं की हात थरथरायचा. लक्ष जगात गेलं की तोच हात वीस वर्षांनी लहान व्हायचा. म्हणून गिऱ्हाईक टेकलं रे टेकलं की तो बातम्या काढायचा. त्याची आई कामाला बसली की गायची,

मन जाऊ दे गं रानी, हात राहू दे कामाला,
वाट सरते चालता, ओझं कळेना पायाला.

तेव्हा त्याला ते नुसतं गाणं वाटायचं.

"हल्ली कोणी वाचत नाही हो," हेडमास्तर फेसातून म्हणाले. "संस्कृती बुडाली."

"बुडाली कसली! मला रोज नवी भेटते. परवा एक पोरगा म्हणाला, डोक्यावर नक्षी काढा."

"काढलीत?"

"काढली की. म्हटलं, आत काही नसलं तरी वर असू दे."

हेडमास्तर पोट हलवून हसले. मग भाववाढ झाली, पुढाऱ्यांच्या कोलांट्या झाल्या, घरातल्या घरात फोनवर बोलणारी माणसं झाली. दोन्ही गाल गुळगुळीत झाले. कारागिराने त्यांची मान मागे टेकवली, गळ्याला ऊन फेस लावला.

"आणि निवडणुकीचं काय?"

हेडमास्तरांना डुलकी लागली होती. पस्तीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक उघडा गळा त्याच्या हवाली करून लहान मुलासारखं घोरत होतं.

कारागिराने एकट्यानेच जगाचा विचार करून पाहिला. लढाईकडे मन धाडलं, ते दारातूनच माघारी आलं. महागाईकडे धाडलं, ते येऊन हातावर बसलं. आणि हात जागा झाला. पात्यावरचा उजेड भिंतीवर थरथरू लागला.

उठवावं का? पण हा दचकला तर? आणि झोप मोडायची ती कोणासाठी, गिऱ्हाइकासाठी की आपल्यासाठी?

त्याने वस्तरा मिटला. मान वळवून लेकीला खुणेनं बोलावलं आणि मुठीकडून तो तिच्यापुढे धरला.

ती जवळ येऊन कुजबुजली, "कुठंय रक्त?"

"अजून नाही आलं. म्हणूनच धर."

तिने क्षणभर बापाकडे पाहिलं. मग वस्तरा घेतला आणि चारदा अलगद फिरवून गळा साफ केला.

हेडमास्तर जागे झाले, हनुवटीखाली बोटं फिरवून म्हणाले, "वा कारागीर! तुमच्या हाताला तोड नाही."

"गळा पोरीनं केलाय."

त्यांनी पुन्हा बोटं फिरवली, या वेळी सावकाश. "असं होय? मला कळलंसुद्धा नाही." उठता उठता ते मुलीकडे वळले. "पुढच्या गुरुवारी येतो गं बाळ. याच वेळेला."

"या काका."

कारागिराने खुंटीवरचा त्यांचा कोट काढून मागून धरला. कोट हलत होता. हेडमास्तरांना बाही सापडायला थोडा वेळ लागला. तोवर तो दोन्ही हातांनी कोट धरून उभा राहिला.