तिसरं कलम

"सही करून टाक ना वो अल्का, साहेब केव्हाचे बसून राहिले," सुमित्राबाई म्हणाल्या. त्या बचत गटाच्या अध्यक्ष. त्यांची सही कधीच झाली होती.

गटाची सचिव असलेल्या अल्काने मान वर केली नाही. सालेकसा तहसीलसमोर अर्जनविसाच्या टेबलावर तिने एकवीस वर्षं टाइपरायटर बडवला होता. कागद तळापर्यंत वाचल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

नागपूरच्या एका कंपनीला गटाची वाळवलेली मोहफुलं हवी होती. कंपनीचे साहेब हसून म्हणाले, "ताई, हे नुसतं इरादापत्र आहे. पक्का करार नंतर. यानं कुणीच बांधलं जात नाही."

"मंग हे तिसरं कलम कायले टाकलं?" अल्काने बोट ठेवलं. "नव्वद दिवस आमी दुसऱ्या कोनाले माल इकाचा नाही म्हनते. अन् तुमी घ्यालच, असं कुठीच नाही लिवलं."

"ते सगळ्यांच्याच पत्रात असतं."

"एप्रिल सरून राहिला, साहेब. नव्वद दिवसांत पाऊस लागते. फुलं ओली झाली का कोनी हात नाही लावत. तुमी मोकळे, अन् बांधलं फक्त आमाले?"

साहेबांनी कागद गोळा केले. "ऑफिसला विचारतो," म्हणाले आणि निघून गेले.

पुढचे दिवस वाईट गेले. "चालून आलेली कंपनी हिनं हाकलली," असं बायका नळावर तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलत. नवरा सेवकराम एवढंच म्हणाला, "तुलेच काऊन पडली होती?" तिच्याही मनात पाल चुकचुके. चौदा घरच्या बायकांनी पहाटे उठून वेचलेली फुलं. आपल्या एका बोटापायी वाया गेली तर? पण तिनं कलमाबद्दल म्हटलं ते खोटं थोडंच होतं!

बाराव्या दिवशी साहेब नवं पत्र घेऊन आले. तिसरं कलम बदललं होतं : कंपनीनं पंधरा दिवसांत माल उचलावा, नाहीतर गट मोकळा.

"आमचे वकील विचारत होते, तिकडे हे वाचलं कुणी?" साहेब म्हणाले.

सुमित्राबाईंनी पेन हातात घेतलं आणि थांबल्या. कागद अल्कापुढे सरकवला.

"पयले तू वाच. मोठ्यानं."

बायका सतरंजीवर पुढे सरसावल्या. कुणीतरी उठून खडखडणारा पंखा बंद केला. अल्काने पदराने चष्मा पुसला आणि तारखेपासून वाचायला सुरुवात केली. साहेबांना घाई होती. पण त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही.