व्हर्ना वारा सांगते

"थांब," व्हर्ना म्हणाली. "उकळतंय."

आयनर थांबला. तो चटईवर पालथा पडला होता, गाल रायफलीच्या दस्त्याला टेकवून. व्हर्ना त्याच्या मागे घडीच्या खुर्चीत बसली होती, तिवईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून. ऑगस्टच्या उन्हानं माळ तापला होता आणि हजार यार्डांवरची निशाणाची पाटी पाण्याखाली ठेवल्यासारखी हलत होती. मृगजळ. वारा असला की ते ओढ्यासारखं एका बाजूला वाहतं. वारा पडला की पातेल्यातल्या पाण्यासारखं सरळ वर उकळतं, आणि अशा वेळी शहाण्या माणसानं चापाला बोट लावू नये. पुढच्या क्षणी वारा कुठून उठेल, सांगता येत नाही.

"आता डावीकडून. हळू आहे. दीड रेघ डावीकडे धर. सोड."

वारा गोळीला जेवढा ढकलेल, तेवढा नेम रायफलीच्या काचेतल्या रेघा मोजून वाऱ्याच्या दिशेला सरकवायचा. बार झाला. दुर्बिणीतून गोळी दिसत नाही, पण ती गेली की हवेला एक चुणी पडते. पारदर्शक, वर चढत जाणारी आणि मग निशाणावर अलगद उतरणारी. व्हर्नाला ती चुणी बघायला फार आवडायचं. आज ती निशाणाच्या बरीच उजवीकडे गेली आणि बांधावर धूळ उडाली.

"वारा चुकलीस तू," आयनर म्हणाला.

"चुकले असेन."

ती चुकली नव्हती. बार व्हायच्या आधी रायफलीचं टोक किंचित झटकलेलं तिनं पाहिलं होतं.

व्हर्ना टोलेफसन हॅरोफील्डच्या शाळेत स्वयंपाकीण होती. मोंटानातल्या त्या छोट्या गावात आता चाळिशीला आलेली माणसं तिच्या हातचं सूप पिऊन मोठी झाली होती. आयनर धान्याच्या कोठारावर यंत्रं दुरुस्त करायचा आणि सुट्टीच्या दिवशी क्लबाच्या मैदानावर नेमबाजी करायचा. लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यात व्हर्ना त्याच्याबरोबर गेली ती कॉफीचा थर्मास घेऊन. कंटाळून तिनं दुर्बिणीला डोळा लावला आणि विचारलं, "ही नदी कुठून आली?"

आयनर पोट धरून हसला होता. मग त्यानं तिला ती नदी वाचायला शिकवलं. तेव्हापासून तो चटईवर आणि ती खुर्चीत. रायफल तिला कधी हातात घ्यावीशीच वाटली नाही. वाहणारी नदी बघायला मिळाली की तिचं भागायचं. हिवाळ्यात बाहेर कमरेएवढा बर्फ असायचा, शाळेच्या स्वयंपाकघरात ती मोठ्या पातेल्यात डाव फिरवायची, आणि वाफेकडे बघता बघता तिला वाटायचं, उजवीकडून येतंय, अर्धी रेघ. मदतनीस बाई म्हणायची, "व्हर्ना, कुठे हरवलीस गं?" व्हर्ना सांगायची, "नदीवर." त्या बाईनं पुढे विचारणंच सोडून दिलं.

पुढच्या वसंत ऋतूत बिलिंग्जच्या डॉक्टरांनी आयनरच्या हातांना जे होत होतं त्याला नाव दिलं. कंपवात. घरी परतताना आयनर एवढंच म्हणाला, "उजव्या हातालाच आधी धरायचं होतं का?"

जुलैतल्या एका संध्याकाळी तळघरातून काहीतरी पडल्याचा आवाज आला. व्हर्ना जिना उतरून गेली. तळघर म्हणजे आयनरचं देवघर. काडतुसं तो स्वतः भरायचा. दुकानातल्या काडतुसांना तो 'खाणावळीचं जेवण' म्हणायचा. पितळी पुंगळ्या घासूनपुसून रांगेत उभ्या असायच्या, आणि त्या प्रत्येकीत तो दारू तोलून घालायचा, दाणादाणा बघून. आता काट्याचं ताटलीसारखं भांडं जमिनीवर उपडं पडलं होतं, दारूचे काळे दाणे चहूकडे पसरले होते, आणि आयनर गुडघ्यांवर बसून छोट्या ब्रशनं ते गोळा करत होता. ब्रश हलला की गोळा केलेले दाणे पुन्हा पसरत होते.

"तिथंच थांब," तो वर न बघता म्हणाला. "पाय पडेल तुझा."

"खायचा पाय करून ठेवलाय, रुबार्बच्या सारणाचा. गार होतोय."

"होऊ दे."

व्हर्ना थांबली नाही. तिनं त्याच्या हातातून ब्रश घेतला, जमीन झाडली, गोळा केलेली दारू बाजूला काढली, भांडं पुसलं आणि त्याच्या स्टुलावर जाऊन बसली. त्या स्टुलावर ती आजवर कधी बसली नव्हती.

"सांग काय करायचं ते."

आयनर उठून तिच्या मागे उभा राहिला. मग सांगू लागला. "हळू. चमच्यावर टिचकी मार, बस्स. अगं मीठ घालतेयस का?"

"अख्ख्या शाळेच्या रश्श्यात मीठ घालत आलेय मी. कुणी तोंड वाकडं केलेलं आठवतंय?"

"मास्तर करायचे."

"मास्तरांना भरपूर घालायचे, मुद्दाम."

तो हसला. कितीतरी दिवसांनी. दोघांनी मिळून खोकंभर काडतुसं भरली. प्रत्येक भरून झालं की आयनर दोन्ही हातांत धरून दिव्याखाली बघायचा आणि खोक्यात ठेवायचा. शेवटचं ठेवून तो म्हणाला, "तुझ्या हातची आहेत. तूच उडव आता."

"मी?"

"जोडीच्या सामन्यात. तू चटईवर, मी खुर्चीत. वारा मी सांगतो."

"लोक हसतील, आयनर."

"हसू देत. क्लबाचा तो ऑर्विल हसला की त्याचं पोट हलतं आणि नेम चुकतो. आपलाच फायदा."

मग ती शिकली. चटईवरून जग फार लहान दिसतं, हे तिला नव्यानं कळलं. रायफलीच्या दुर्बिणीत नदीचा जेमतेम एक घोट मावायचा, आणि त्यात स्वतःच्या छातीचा ठोका उडी मारताना दिसायचा. श्वास अर्धा सोडून धरला की तोही निवायचा. तेवढ्या वेळात ती कुणाची बायको नसायची, कुणाची स्वयंपाकीण नसायची. कुठल्याशा गार, निळ्या जागी तरंगत असल्यासारखं वाटायचं.

सामन्याच्या दिवशी क्लबाचा प्रमुख ऑर्विल प्रुइट गुणांची पाटी घेऊन हिंडत होता. व्हर्नाला चटई अंथरताना बघून तो ओरडला, "अरे देवा! मग आज सँडविच कोण वाटणार?"

"आयनर वाटेल," व्हर्ना म्हणाली. "तुझ्या सँडविचमध्ये मोहरीचा डबा ओतायला सांगितलाय."

सगळे हसले. आयनर खुर्चीत बसला, दुर्बीण ओढून घेतली. माळावरचे लाल बावटे कसेबसे हलत होते. गव्हाच्या कापलेल्या रानातून तापलेल्या गवताचा वास येत होता.

"डावीकडून," आयनरचा आवाज आला. ठाम, अगदी पूर्वीसारखा. "दीड रेघ डावीकडे धर. सोड."

तिच्या त्या घोटभर नदीत पाणी उजवीकडून येताना दिसत होतं. पण दुर्बीण आयनरकडे होती, मोठी. त्याला जास्त दिसत असणार. तिनं त्याचं ऐकलं आणि चाप ओढला. थोड्या वेळानं पलीकडच्या खंदकातल्या माणसांनी पाटी खाली ओढली आणि गोळी लागली तिथं खूण लावून पुन्हा वर केली. खूण डाव्या कडेला, पाटीवरून निसटता निसटता राहिलेली.

व्हर्नानं मान किंचित वळवली. आयनरनं डोळा दुर्बिणीला लावला होता. पण त्याचं डोकं बारीक, सारखं हलत होतं, आणि दुर्बिणीची कड त्याच्या चष्म्यावर टकटक आपटत होती. तिवई धरलेला हातही थरथरत होता. त्या काचेतून कुणालाच काही दिसलं नसतं.

ऑर्विल त्याच्या खुर्चीमागेच उभा होता. आजूबाजूच्या चटयांवर सगळे ओळखीचे. तुला दिसत नाहीये, एवढंच व्हर्नाला म्हणायचं होतं. ओठांवर आलंही.

"डावीकडूनच आहे," आयनर म्हणाला. "तू नेम ओढलास. पुन्हा धर."

"कळलं," व्हर्ना म्हणाली, आणि तिनं उजवीकडे धरलं.

पाटी वर आली. खूण मधोमध.

"बघ!" आयनर म्हणाला. "सांगितलं नव्हतं?"

पुढचा सगळा डाव असाच गेला. तो वारा सांगत होता, ती "कळलं" म्हणत होती आणि आपल्या नदीकडे बघून गोळी सोडत होती. एकदा तो म्हणाला, "थांब. उकळतंय." उकळत नव्हतं, पाणी सरळ, संथ, हवं तसं वाहत होतं. तरी ती थांबली. तो थांब म्हणाला म्हणून. गवतात नाकतोडे उडत होते. पोटाखालची जमीन ऊबदार होती. मागे त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि तिला वाटलं, हे असंच राहिलं तरी चालेल. त्यानं 'सोड' म्हणूच नये, पाटी खाली जाऊ नये, उन्हं कलू नयेत. इतकी वर्षं तो चटईवर असाच पडून तिच्या शब्दाची वाट बघत असे, तेव्हा त्याला काय वाटत असेल, हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

"सोड," आयनर म्हणाला.

तिनं सोडली.

त्यांची जोडी तिसरी आली. ऑर्विलनं आयनरच्या पाठीवर थाप मारली. "म्हाताऱ्या, तुझ्या नजरेला तोड नाही!" दुर्बिणीला झाकण लावायचा आयनरचा खटाटोप चालला होता. ते बसेपर्यंत व्हर्ना दुसरीकडे बघत राहिली.

परतीच्या वाटेवर गाडी तीच चालवत होती. गाव मागे दिसेनासं झाल्यावर आयनर म्हणाला, "पहिल्या गोळीनंतर तू माझं ऐकलं नाहीस."

व्हर्नानं चाक घट्ट धरलं. "कशावरून?"

"मला काही दिसत नव्हतं, व्हर्ना. नुसता उजेड नाचत होता. मी तोंडाला येईल ते सांगत होतो आणि खुणा मधोमध लागत होत्या. न कळायला काय झालं?"

"मग बोलत का राहिलास?"

त्यानं खिडकीबाहेर बघितलं. "मागून आवाज आला नाही तर चटईवर फार एकटं वाटतं. तुला ते माहीत नाही. तू मला कधी एकटं पडूच दिलं नाहीस."

एक वळण मागे पडल्यावर तो म्हणाला, "आणि मीसुद्धा दरवेळी ऐकायचो असं नाही."

"म्हणजे?"

"तू दीड म्हणालीस की कधी कधी मी एकच धरायचो."

"कधी कधी म्हणजे किती?"

"कधी कधी."

"आयनर टोलेफसन! इतकी वर्षं?"

"वारा वाईट असला की."

तिला रागवायचं होतं. पण आधी हसूच फुटलं, मग आणखी कसलंतरी, आणि तिला पालथ्या हातानं डोळे पुसावे लागले. "हरामखोर," ती म्हणाली. तिनं वळून बघितलं तर तो झोपला होता, डोकं काचेला टेकून, तोंड किंचित उघडं, श्वास संथ. त्याचे हात मांडीवर पडले होते. दोन्ही अगदी स्थिर. लग्नाच्या वेळी होते तसे.

व्हर्नानं गाडीचा वेग कमी केला. मागून आलेला गव्हाचा ट्रक हॉर्न देत पुढे निघून गेला. आयनर हलला नाही. उन्हं तिरपी होऊन त्याच्या बोटांवर आली होती.

घराचा फाटा आला. थांबलं की तो जागा होईल आणि हात पुन्हा थरथरू लागतील. तिनं गाडी वळवली नाही.