कोऱ्या कागदावरचे पणजोबा

नजरबादेत नागोजीरावांच्या दारात चपलांचा ढीग पडला होता. आत हयग्रीवस्वामींनी पणजोबांनी लढाईवरून धाडलेल्या पत्रांच्या गठ्ठ्यातून एक पिवळा पडलेला कोरा कागद काढला, ताटात ठेवला आणि त्यावर तीर्थ शिंपडलं. बघता बघता गुलाबी बाळबोध अक्षरं उमटली : ‘मी अडकलोय. माझे कागद संगमात सोडा.’

नागोजीरावांनी जमिनीवर अंग टाकलं.

“शंभर वर्षं पेटीत कोंडलाय हा जीव!” स्वामी गरजले. “कागद पितराला धरतो, पितर वंशाला धरतो. पाळणा हलणार कसा? पेटी माझ्या गाडीत ठेवा. सोसल्याजवळच्या संगमावर मीच सोडतो. मागं वळून बघायचं नाही, विचारायचं नाही.”

सगळ्यांच्या नजरा सौम्याकडं वळल्या. नागोजीरावांची ही सून, विजयेंद्रची बायको. तीनदा दिवस राहिले, तिन्ही वेळा मूल गेलं. तिनंच फोन करून नागोजीरावांच्या भाचीला, वनजाला बोलावलं होतं.

वनजा दाराशी टेकून उभी होती. लोकांच्या घरची जुनी पत्रं, लग्नपत्रिका, पावत्या जपणाऱ्या संग्रहालयात तिची एकतीस वर्षं गेली होती. यंदा दोन घरी ती पोचली तेव्हा पेट्या याच स्वामींच्या हातून ‘विसर्जित’ झाल्या होत्या. त्यांतलं एक पत्र पुढं बेंगळुरूच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात, चौकटीत लावलेलं दिसलं. तिनंच पूर्वी वाचून दिलेलं पत्र. वाद घालायची ताकद आता उरली नव्हती. पण सौम्या मान खाली घालून उभी होती, ते बघवेना.

“मामा, पानाच्या डब्यातला चुना वाटीभर पाण्यात कालवून ठेवा. आणि तो गठ्ठा द्या जरा.”

“सुम्मनिरु, वनजा! गप्प बस!” नागोजीराव ओरडले. तोवर सौम्यानं गठ्ठा वनजाच्या हाती दिला आणि स्वतःच चुना कालवायला आत गेली.

वनजानं गठ्ठा उजेडात धरला. कसरीनं पाडलेलं भोक पहिल्या पत्रातून शेवटच्यापर्यंत आरपार गेलं होतं. “स्वामी, तुमचा कागद यातूनच निघाला ना?”

“साऱ्यांदेखत!”

“मग कसरीनं एवढाच कसा सोडला?”

“पितराचा कागद कीड खात नाही!”

“बाकीचेही त्यांचेच आहेत की.” मागं कुणीतरी हसलं. “शिवाय पणजोबा फक्त मोडी लिहायचे. मेल्यावर बाळबोध शिकले होय?”

एवढ्यात सौम्या वाटी घेऊन आली. स्वामींच्या पिशवीतून असाच दुसरा कोरा कागद डोकावत होता, तो तिनं ओढून काढला. वनजानं वाटीतली वरची निवळी त्यावर शिंपडली. तीच गुलाबी अक्षरं, तोच मजकूर : ‘मी अडकलोय.’

“हे कुणाचे पणजोबा?” वनजानं विचारलं. “फिनॉल्फ्थॅलिन म्हणतात याला, शाळेच्या प्रयोगशाळेत असतं. स्पिरिटमध्ये विरघळवून लिहिलं की वाळल्यावर दिसत नाही. त्यांच्या तीर्थासारखी चुन्याची निवळी पडली की गुलाबी होतं. हवेनं रंग पुन्हा उडतो. बघा तो पहिला कागद.”

ताटातला कागद जवळजवळ कोरा झाला होता.

“कोप होईल!” म्हणत स्वामी गाडीत बसले. तरी निम्मी गर्दी पाया पडायला मागोमाग गेलीच. वनजाला त्याचं नवल वाटलं नाही, नुसता शीण वाटला.

नागोजीराव भिंतीला टेकून बसले. “एक आशा होती गं. तीही घेतलीस.”

ती त्यांच्याशेजारी बसली. वरचं पत्र उलगडून मोडी सावकाश वाचू लागली : ‘घोड्यास खोकला आहे. इकडे थंडी फार. घरी नाचणी पोचली की नाही ते कळवणे.’

“अय्यो, एवढंच?”

“एवढंच, मामा. अडकलोय असं कुठंच नाही. लढाईवर गेलेला माणूस घरची काळजी करतोय. त्याच्या पत्रानं पोरीची मुलं गेली नाहीत, आणि तिच्या पापानंही नाही. कशानं गेली ते आपल्याला अजून माहीत नाही. माहीत नसेल तर शोधायचं, दोघांनाही डॉक्टरकडं न्यायचं. आणि ‘विचारायचं नाही’ असं जो म्हणेल, त्यालाच आधी विचारायचं.”

नागोजीरावांनी पत्राची घडी घालून ते पेटीत ठेवलं. मग सौम्याकडं न बघताच म्हणाले, “विजयेंद्रला सांग, उद्या रजा काढ म्हणावं. मीपण येतो दवाखान्यात.”