विसार कोणी द्यायचा?

मी एक जुना बटणांचा मोबाइल आहे आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नाही. माझ्या पाठीला रबर बांधलेलं आहे, पाचचा आकडा पुसून गेला आहे, पण आवाज असा खणखणीत की केळीच्या बागेत या टोकाला वाजलो तर त्या टोकाला ऐकू जावं.

मित्रांनो, माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते फैजपूरचं दुकान. गिरधर आबांनी मला हातात घेतलं, टॉर्च लावून पाहिली आणि म्हणाले, "हाच द्या." तेव्हापासून मी त्यांच्या बंडीच्या खिशात राहतो. केळीचे भाव, मजुरांचे निरोप, शेतातली वीज कधी येणार, सारं माझ्यामार्फत चालायचं. आबांना थोडं कमी ऐकू येतं, म्हणून ते नेहमी स्पीकर लावूनच बोलतात. त्यामुळे आमच्या घरात फोनवरचं गुपित असं काही उरत नाही. "बॅटरी पाहा याची, चार दिवस हलत नही," असं आबा चारचौघांत सांगायचे, तेव्हा मी फुगून जायचो.

मग घरात मोठ्या काचेचा मोबाइल आला. तो आबांची मुलगी मोहिनी हिचा. ती बी.कॉम. झालेली, हुशार. त्या दिवट्यावर फोटो दिसतात, गाणी वाजतात, म्हणून मी पडलो बाजूला. पाहुणे मला पाहून हसायचे. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मोहिनीला नोकरी करायची होती. तिची आई इंदिराबाई मात्र तिला गावाबाहेर पाठवायला तयार नव्हती. वर्षभर समजूत घातल्यावर तिने एकदाचा होकार दिला, तोही नाइलाजाने. हा होकार टिकतो की जातो, एवढ्यावर पोरीचं सगळं अडलं होतं.

अशात एका दुपारी त्या काचेच्या मोबाइलवर निरोप आला. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीत तुमची निवड झाली आहे. मुलाखत नाही, परीक्षा नाही. सोबत रंगीत शिक्क्याचं पत्र. मोहिनीने आनंदाने त्यांनी मागितलेला आधार कार्डाचा फोटो पाठवला. लगेच दुसरा निरोप आला, गणवेश आणि ओळखपत्रासाठी साडेआठ हजार अनामत आज पाचच्या आत भरा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल.

मोहिनी जरा बिचकली. पण आबा पडले केळीवाले. त्यांच्या धंद्यात विसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, दिल्याशिवाय सौदा होतच नाही. "इसार दिला म्हंजे गोष्ट पक्की," ते म्हणाले, "देऊन टाक." तिने पैसे पाठवायचं पान उघडलं.

नेमका तेव्हाच मी वाजलो. सावद्याचे व्यापारी भाईदास बोलत होते. आबांनी सवयीने स्पीकर लावला.

"आबा, बाग मले पसंत आहे. सकाळी इसार घेऊन मानूस धाडतो. दुसऱ्या कोनाले देऊ नका."

फोन ठेवला आणि मोहिनीचा हात थांबला.

"आबा, बाग आपली, मंग इसार कोन देतं?"

"घेनारा देतं. हे काय इचारनं झालं?"

"मंग माही मेहनत तं कंपनी घेऊन राह्यली. इसार मी कामून देऊ?"

आबा म्हणजे इतकी वर्षं विसार घेतलेला माणूस, पण हे त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

तिने त्या निरोपवाल्याला फोन केला आणि सांगितलं, अनामत माझ्या पहिल्या पगारातून कापून घ्या. तो चिडला. "मॅडम, असे प्रश्न विचारणाऱ्यांना नोकरी मिळत नसते," म्हणाला. मग तिने कंपनीच्या खऱ्या संकेतस्थळावरून नंबर शोधला आणि माझ्यावरून लावला. पलीकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "अशी भरतीच नाही. नोकरीसाठी आम्ही कुणाकडून पैसे घेत नाही." आधारचा फोटो गेलेला, म्हणून तिने लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रारही नोंदवली. तो फोनही माझ्यावरूनच झाला, हे मी मुद्दाम सांगतो.

पण खरी भीती पुढेच होती. इंदिराबाई दारात उभी राहून म्हणाली, "म्हनून सांगत होती मी. आता घरीच बस." मोहिनीचा चेहरा उतरला. माझाही जीव तुटला, पण मी काय बोलणार?

आबा बोलले. "अवं, घरी बसूनच तं फसत होती ते. बाहेर राह्यती तं चार लोकांले इचारती."

सोमवारी मोहिनी जळगावला दुसऱ्या नोकरीच्या मुलाखतीला निघाली, तेव्हा दशम्यांचा डबा इंदिराबाईनेच भरला.

मित्रांनो, तुमचे कष्ट ज्याला हवे आहेत, तो तुमच्याकडे पैसे मागत नाही. मागितले तर थांबा, घाई करणाऱ्याला ताटकळत ठेवा, आणि त्याने दिलेला नंबर सोडून खरा नंबर शोधून विचारा. आणि घरातलं कुणी फसता फसता वाचलं, किंवा अगदी फसलंच, तर त्याला कोंडून ठेवू नका. घरच्यांच्या रागाला भिऊन माणसं गप्प बसतात, आणि ठगाचं त्यावरच पोट भरतं.